जयूचे टाके

साड्या घरोघर कातरायला देणाऱ्या भाईदासने साडी उलटी करून ओट्यावर पसरली आणि तिच्या पाठीवरून तळहात फिरवला. नक्षीच्या साड्यांना मागच्या अंगाने धाग्यांची शेपटं सुटलेली असतात. ती कातरून पाठ गुळगुळीत करून द्यायची, हे पुष्पाबाईंच्या घरचं काम. फिरता तळहात एका जागी थांबला. त्याने चिमटीत एक राहिलेलं शेपूट धरलं, पुष्पाबाईंच्या डोळ्यांपुढे नेलं आणि साडी त्यांच्या मांडीवर टाकून दिली. बोलायचं ते तो मागच्या खेपेला बोलून गेला होता, की बमरोलीत कातरणाऱ्या बाया पुष्कळ आहेत, लग्नसराईत हात ढिला पडणारी त्याला परवडत नाही.

पुष्पाबाईंनी ते शेपूट कातरलं. नुसतं कातरलं नाही, धाग्याच्या मुळाशी कातर टेकवून असं कातरलं की बोटाला काही लागू नये. भाईदास गेला तरी त्या त्याच जागेवरून बोट फिरवत बसल्या. पस्तिशीत नवऱ्यामागे खानदेशातल्या पारोळ्याहून सुरतेला आल्या, नवरा गेला, मुलगा निंबा लूमवर लागला, आणि या सगळ्या काळात त्यांच्या हातातून इतक्या साड्या गेल्या होत्या की आता कातर बघून चालवावी लागत नसे. रस्त्याने जाताना पुढच्या बाईच्या पदराला दोरा लोंबताना दिसला तरी त्यांची बोटं आपोआप जुळत. सून सुषमाही तशीच तयार झाली होती.

पण मागच्या काही महिन्यांत सुषमाचे हात कातरीला कमी लागत. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून वाटीत दूध काढत बसलेली असे.

जयू जन्मली तेव्हा दाईने तिला कपड्यात तोंडापर्यंत गुंडाळून पुष्पाबाईंच्या हातात दिली आणि मान फिरवली. पुष्पाबाईंनी कपडा बाजूला केला. डाव्या अंगाचा वरचा ओठ थेट नाकपुडीपर्यंत चिरलेला होता, नाकपुडी एका बाजूला सांडल्यासारखी पसरली होती आणि चिरेतून हिरडी दिसत होती. पुष्पाबाई होत्या तिथेच फरशीवर बसल्या. मग त्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं, पोरीला छातीशी धरलं आणि उठल्या. त्या दिवसापासून ती पोर त्यांच्याच कुशीत झोपे.

चाळीतल्या मालतीबाईंनी पाहून जाताना सुषमाला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं, की ग्रहणात कातर चालवली असेल, नाहीतर असं कसं होईल. सुषमा गरोदरपणात रोजच कातर चालवत होती. ग्रहण होतं की नव्हतं, हे तिला आठवत नव्हतं, आणि आठवत नसल्यामुळे तिला ते कधी विसरताही आलं नाही.

जयूला छातीशी लावलं की ती तोंडात घेई, चोखायला बघे, आणि चिरेतून हवा फसफसून जाई. ओढ बसत नसे. थोड्या वेळाने घामेजून, दमून, उपाशीच झोपे. मग सुषमा हाताने दूध पिळून काढी आणि पुष्पाबाई पोरीला मांडीवर उभी धरून चमच्याने थेंब थेंब सोडत. निम्मं चिरेतून, हनुवटीवरून परत येई. पुष्पाबाई पुसत, पुन्हा सोडत. सुषमाच्या अंगाला दूध काढून काढून वळ उठले होते. तिला कधी कधी वाटे, की आपण पोरीला पाजत नाही, कुठल्या तरी कारखान्याला माल पुरवतो आहोत.

उधन्याच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात महाराष्ट्रातले एक डॉक्टर ओठ शिवतात, असं निंबाला लूमवर कळलं होतं. दिलीप साहेब म्हणत त्यांना. त्यांनी जयूला दिव्याखाली धरून पाहिलं, बोट तोंडात घालून वरचा भाग चाचपला, टाळू शाबूत आहे म्हणाले. पण पोर फार हलकी होती. अंगावर जरा भरू द्या, रक्त वाढू द्या, मग भूल देता येईल. तेव्हापासून घरातलं सगळं एका गोष्टीभोवती फिरू लागलं. साड्यांच्या पोटल्यांमागून पोटल्या येत, साड्या उलट्या पसरत, कातरी चालत, आणि मधेच दोघींपैकी एक उठून वाटी-चमचा घेई. निंबा पाळीवरून आला की हात धुऊन आधी पोरीला दोन्ही तळव्यांवर तोलून बघे. पौष सरता सरता तिच्या मनगटांना वळ्या पडल्या. काट्यावर ठेवल्यावर डॉक्टर म्हणाले, आता आणा.

ऑपरेशन झालं त्या सकाळी तिघंही बाहेरच्या बाकावर बसली होती. पुष्पाबाईंचे ओठ हलत होते. सिस्टरने कापडात गुंडाळलेलं बाळ आणून सुषमापुढे धरलं, आणि सुषमाने ते घेतलं नाही.

"हाई मनी पोर नही," ती म्हणाली.

सिस्टर गुजराती होती, तिला शब्द कळले नाहीत, पण सुषमाचा चेहरा कळला. तिने कापड सारून बाळाच्या पायातलं काळ्या दोऱ्याचं कडं दाखवलं. कडं जयूचंच होतं. तोंड मात्र कोणाचं तरी होतं, सुजलेलं, मिटलेलं, नाकाखाली रक्ताची काळी रेघ असलेलं. महिनोन्महिने जो चेहरा बघून सुषमा रडली होती, जो रोज धुतला होता, ज्याच्या वेड्यावाकड्या हसण्यावर हळूहळू तिचा जीव जडला होता, तो कुणीतरी नेला होता. तिने पोर घेतली, पण तिच्याकडे बघायला तिला वेळ लागला.

निंबा मात्र बघत होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. टाके फक्त चिरेवर नव्हते. चिरेपासून निघालेली टाक्यांची रांग नाकाच्या खालून वळून ओठाच्या उजव्या, धडधाकट बाजूत शिरली होती. फाटलं होतं एकीकडे आणि कापलं होतं दोन्हीकडे. लूमवर ताण्याचा एक उभा धागा तुटला तर तोच जोडतात, शेजारचा कोणी तोडत नाही. तो तडक डॉक्टरांच्या खोलीत गेला. हात जोडूनच गेला, पण आवाज चढला होता. चांगल्या बाजूला साहेबांनी सुरी का लावली, एवढंच त्याला विचारायचं होतं.

दिलीप साहेब चिडले नाहीत. त्यांनी कागद घेतला, ओठ काढला. पूर्वी फाटलेल्या दोन कडा समोरासमोर आणून सरळ शिवत असत, ते म्हणाले. दिसायला लगेच बरं दिसे, पण जखमेचा व्रण पुढे आखडतो आणि ओठाला वर खेचतो. पोर मोठी होते आणि ओठ नाकाकडे ओढलेलाच राहतो. जयूच्या ओठाचा चिरेलगतचा भाग मुळातच वर चढून बसला होता, त्याला खाली यायला जागा नव्हती. म्हणून चांगल्या बाजूला नाकाखाली वळणदार काप दिला, तो भाग फिरून खाली आपल्या जागी आला. तो खाली आल्यावर वर जी फट पडली, तिच्यात दुसऱ्या बाजूचा पदर सरकवून बसवला. आत स्नायू होता, तो दोन्हीकडून सुटून भलतीकडे चिकटला होता, तो सोडवून मधे एकमेकांना शिवला.

"बाहेरून आणलेलं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "ओठ तिच्यापाशी होता, जागेवर नव्हता."

निंबाला सगळं कळलं असं नाही. पण कागदावरचा ओठ फिरून खाली आलेला त्याने पाहिला, आणि त्याने डॉक्टरांच्या पायाला हात लावला.

घरी जाताना सिस्टरने बजावलं. जयूच्या दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या, म्हणजे हात तोंडाकडे जाऊ नयेत. पट्ट्या सोडायच्या नाहीत, छातीशी लावायचं नाही, दूध चमच्यानेच. "अने टांकाने हाथ नहीं लगाडवानो," ती दोनदा म्हणाली. टाके काढायला बोलावलेला दिवस जवळच होता.

त्याच आठवड्यात चाळीमागच्या मोकळ्या जागेत सप्ताह बसला होता. दरवर्षी खानदेशातली मंडळी मांडव घालतात, गावाकडून कीर्तनकार आणतात, पाळ्या सांभाळून माणसं टाळाला उभी राहतात. यंदा योगराजबुवा आले होते. पुष्पाबाईंचं कीर्तन कधी चुकत नसे. देवाने कान दिले ते याच्यासाठीच, असं त्या मानत. यंदा मात्र त्या पोरीला सोडून गेल्या नाहीत. भोंग्यातून बुवांचा आवाज खोलीत येई, मृदंग येई, आणि पुष्पाबाईंची कातर त्या ठेक्यावर चाले. सुषमाने हे पाहून एकदा सासूला हसून म्हटलं होतं, की आत्याबाईंच्या साड्यांना आता टाळ ऐकू येईल.

सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. त्या सकाळी पुष्पाबाईंनी ठरवलं, की जयूला न्यायचं. बुवांच्या हातचा काला तिच्या कपाळाला लावायचा. ज्या बायांनी तिला उघड्या ओठाची पाहिली होती, त्यांनी आज बघावी. दारात ऊन आलं होतं. त्यांनी पोरीला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने गाल पुसले, कपाळ पुसलं, काजळ घातलं. मग त्यांची नजर ओठावर थांबली.

सूज ओसरली होती. रेघ बारीक, सुबक दिसत होती. पण प्रत्येक गाठीपासून काळ्या दोऱ्याची टोकं वर उभी होती, मुंगीच्या पायांसारखी. एखादं नाकपुडीला टोचे, एखाद्याला वाळलेलं दूध लागलेलं असे. त्या टोकांकडे दोघींचीही नजर रोज जात होती. एवढं नाजूक काम करून डॉक्टरांनी शेवटचं तेवढं कसं ठेवलं, हे पुष्पाबाईंना खरंच उमगत नव्हतं. त्यांच्या घरातून असा माल बाहेर पडला नसता.

"इतलं सोडी दिन्हं," त्या म्हणाल्या. "बायाईसमा असं लई जाऊ का?"

सुषमाने सिस्टरच्या बोलण्याची आठवण दिली. पण तिचा आवाज ठाम नव्हता. पुष्पाबाईंनी समजावलं, की टाक्यांना कोण हात लावतंय, टाके आहेत तिथेच राहतील. फक्त वरची शेपटं. टोचतात म्हणून तर पोर किरकिर करते. सुषमाने क्षणभर विचार केला आणि जयूचं डोकं आपल्या दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं, हलू नये म्हणून.

पुष्पाबाईंनी कातर गरम पाण्यात बुडवून पुसून घेतली. मग त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. शेपटाच्या मुळाशी, गाठीला टेकवून, कच्च. रक्ताचा थेंब आला नाही. पोर रडलीसुद्धा नाही. सगळी टोकं गेल्यावर पुष्पाबाईंनी बोटाचं पेर त्या रेघेवरून हवेतच फिरवलं आणि मान हलवली. निंबा पाळीवरून आला, वाकून बघितलं.

"आते बरं दिखस," तो म्हणाला, आणि अंघोळीला गेला.

मांडवात दाटी होती. पुष्पाबाई बायांच्या पुढच्या रांगेत जयूला मांडीवर घेऊन बसल्या. सुषमा त्यांच्या मागे, निंबा पुरुषांच्या बाजूला. बाया वाकून बघत होत्या, हळहळ आणि कौतुक दोन्ही करत होत्या. मालतीबाईंनीसुद्धा पोरीच्या गालावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली.

योगराजबुवा बाळकृष्णाच्या खोड्या सांगत होते. काल्याच्या दिवशी त्या सांगितल्याच जातात, आणि ऐकणाऱ्याला दरवर्षी नव्या वाटतात, ही कीर्तनाची किमया. कान्ह्याने माती खाल्ली. गोपाळांनी यशोदेकडे चहाडी केली. यशोदा काठी घेऊन आली. बुवांनी उपरणं कमरेला खोचलं, हातातल्या चिपळ्यांची काठी केली, मांडवाच्या मधोमध उभे राहिले.

"उघड रे तोंड," बुवा म्हणाले, आणि मृदंग थांबला. "माय म्हणते, उघड. दाखव काय आहे आत. आणि त्याने उघडलं. अन् ती माउली बघते तर काय—"

मृदंगावर थाप पडली. सगळा मांडव टाळ्यांनी उठला. जयू दचकली, आणि तिने रडायला तोंड उघडलं.

पुष्पाबाई तेव्हा तिच्याकडेच बघत होत्या. त्यांना दिसलं ते असं. ओठाच्या खालच्या काठाशी एक काळा ठिपका सैल झाला, उसवला, दोरा सुळकन निघाला. मग त्याच्या वरचा. ओठाच्या लाल कडेची फट झाली, ती रुंद झाली. पोरीने श्वास घेतला आणि आणखी मोठ्याने रडली, आणि आणखी एक गाठ गेली. आवाज काही झाला नाही. बुवा गात होते, यशोदेला चौदा भुवनं दिसत होती, माणसं डोळे पुसत होती, आणि पुष्पाबाईंच्या मांडीवर रक्ताचा थेंब पडला.

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून. नंतर कितीतरी दिवस त्यांना त्याचीच लाज वाटत राहिली, की पोरीआधी आपण लोकांकडे पाहिलं. मग त्यांनी पदराचा बोळा पोरीच्या गालाशी धरला आणि मागे वळल्या. सुषमाने त्यांचं तोंड पाहिलं आणि ती उठून उभी राहिली.

दवाखान्याकडे निघालेल्या रिक्षात निंबा पुढे रिक्षावाल्याशेजारी बसला होता. पांडेसऱ्याच्या गिरण्या मागे जात होत्या. तो मागे न बघता बोलत होता, तुटक तुटक. डॉक्टरांनी देवासारखं काम केलं, आणि घरात बसून कातरलं. कातरायचं दुसरं काही नव्हतं का. सुषमाच्या मनात एकच चाललं होतं. पहिल्या वेळी, ग्रहणाच्या नावाने, कातरीचा बोल तिच्यावर आला होता, आणि ती काही करू शकली नव्हती. आता दुसऱ्यांदा कातर आली होती आणि बोल दुसरीकडे जात होता. तिने तो जाऊ दिला. पोरीला घट्ट धरून ती बाहेर बघत राहिली.

दिलीप साहेबांनी जयूला टेबलावर ठेवून दिवा ओढला. चिमट्याने एक उरलेली गाठ उचलून पाहिली.

"हे कोणी कापलं?"

"मी," पुष्पाबाई म्हणाल्या.

डॉक्टर सरळ झाले. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, त्यांना ते समजतच नव्हतं. दोऱ्याची टोकं मुद्दाम सोडलेली असतात, ते म्हणाले. गाठ त्यांच्यावरच टिकते, आणि काढताना तीच चिमट्यात धरायची असतात. गाठीला चिकटून कापलं की पोर रडली, ओठ ताणला, की गाठ सरकते. इतक्या वर्षांत पोरांनी ओरबाडलेले टाके त्यांनी पाहिले होते, पडून उसवलेले पाहिले होते. एवढ्या सफाईने कातरलेले कधी पाहिले नव्हते.

पुष्पाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तिले गावले धाडी देस मी," निंबा म्हणाला. आईकडे बोट न करता, भिंतीकडे बघत. "आजपासून पोरले हात लावाना नही."

पुष्पाबाईंनी मान हलवली, कबूल असल्यासारखी. पारोळ्याला त्यांचं आता कोणी नव्हतं. सिस्टर ट्रे घेऊन दारातच थांबली होती.

"डोकं मी धरेल व्हतं," सुषमा म्हणाली.

निंबाने तिच्याकडे पाहिलं.

"आत्याबाई कापत व्हत्यात, मी डोकं धरेल व्हतं. हालाले नको म्हनीसन." तिचा आवाज फुटत होता, तरी ती थांबली नाही. "आनि तुम्ही देखात. बरं दिखस म्हनात."

निंबाचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो खाली आला. त्याला वाटलं, आपल्याला कोणीतरी भर चाळीत कानाखाली मारली आहे, आणि मारणाऱ्याचं काही चुकलेलं नाही.

डॉक्टर पुन्हा वाकले. त्यांनी ओठाची डावी बाजू दोन बोटांत धरून हलकेच दाबली, मग उजवी. पोर रडली. रडताना ओठ कसा हलतो ते त्यांनी दिव्याखाली पुन्हा पुन्हा पाहिलं. खालची लाल कड उघडली होती, तिथे खाच राहणार होती. ती आज शिवून चालणार नव्हतं, कडा नरम होत्या, टाका धरणार नाही. आत्ता फक्त पट्टी लावायची, जखम आपोआप भरू द्यायची, आणि पावसाळ्यानंतर तेवढ्या खाचेचं छोटं काम पुन्हा करायचं. पुन्हा भूल, पुन्हा बाक, हे सगळ्यांना कळलं. सुषमाने डोळे मिटले.

"पण आतली शिवण गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "स्नायू जोडलेला आहे. फिरवलेला भाग खाली आहे तिथेच आहे." मग ते सुषमाकडे वळले. "हिला भूक लागलीय. अंगावर घ्या."

सिस्टर गुजरातीत काहीतरी म्हणू लागली. डॉक्टरांनी तिला सांगितलं, की रडून जेवढं ताणतंय तेवढं पिऊन ताणणार नाही, आणि आत किती जोर धरलाय तेही कळेल. त्यांनी खाचेवर बारीक पट्टी लावली आणि हात धुवायला गेले.

सुषमा स्टुलावर बसली. तिला यातून काही होईल असं वाटत नव्हतं. नेहमीसारखी हवा फसफसेल, पोर दमेल, मग वाटी मागावी लागेल. तिने जयूला जवळ घेतलं. पोरीने तोंड हलवलं, शोधलं, मिटलं. आणि सुषमा जागच्या जागी ताठ झाली. तिच्या तोंडून श्वास निघाला, अर्धा, कोणी अंगावर गार पाणी टाकल्यासारखा.

निंबा पुढे झाला, की काय झालं. पुष्पाबाईही एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या.

काही झालं नव्हतं. पोर ओढत होती. या पोरीने तिला आजवर कधी ओढलंच नव्हतं, हे सुषमाला आत्ता कळत होतं. छातीपासून पाठीपर्यंत, पाठीपासून पोटात, कुठून कुठून काहीतरी सुटून त्या एवढ्याशा तोंडाकडे निघालं होतं. घोट ऐकू येत होते. फसफस नव्हती. एका कोपऱ्यातून थोडं दूध गळत होतं, पण पोर थांबत नव्हती, पट्ट्या बांधलेले दोन्ही हात आखडून ती पीत होती.

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर माणसं बसली होती, त्यांच्या माना इकडे होत्या. सुषमाचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"आत्याबाई," ती वर न बघता म्हणाली, "पदर धरा."

पुष्पाबाईंचे हात पदराखालून बाहेर आले. त्यांनी सुनेच्या पदराचं टोक दोन्ही मुठींत घेतलं, तिच्या खांद्यापासून वर उचलून आडोसा केला आणि तशाच उभ्या राहिल्या. आतून घोटांचा आवाज येत होता, आणि पोर पिऊन होईपर्यंत त्यांनी ते हात खाली येऊ दिले नाहीत.